कार्बोरेटर बदलायच्या आधी प्लग काढून बघा

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक नव्या बाइक इंजेक्शनवर गेल्या. पण गॅरेज नवीन असेल तर दारात आधी येणार ती जुनी, कार्बोरेटरवाली गाडीच.

"गाडी बंद पडते" म्हटलं की लगेच स्क्रू पिळायचा, नाहीतर "नवा कार्बोरेटर टाकू" म्हणायचं. माझ्या मते यात आपलाच धंदा बुडतो.

आधी प्लग बघा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त, फिकट तपकिरी म्हणजे मिश्रण ठीक. मग एअर फिल्टर बघा. गरम गाडी चोक ओढल्यावर नीट चालली, तर पायलट जेटमध्ये कचरा असू शकतो. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा मारा. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा. सेटिंग इंजिन गरम झाल्यावरच करा.

आणि या तपासणीचे पैसे घ्या, पण आधी सांगून. काढलेला प्लग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. ज्याचा नव्या कार्बोरेटरचा खर्च वाचला, तो पुढची सर्व्हिसिंग दुसरीकडे कशाला करेल?