वेग कीं पोहोंच ?

नव्या बिनतारी दळणवळणाची वार्ता निघाली, म्हणजे जो तो त्याच्या वेगाचें कौतुक करूं लागतो. परंतु ज्या अँटेनांवांचून हा वेग एक पाऊलही पुढें जाऊं शकत नाहीं, त्यांचा विचार क्वचितच होतो. आमच्या मतें या विद्येची खरी परीक्षा वेगावरून नव्हे, तर पोहोंचीवरून झाली पाहिजे.

अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीस अनुरूप असावी लागते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें ४३ सेंटिमीटर लांब असते. ती दूरवर जाते व डोंगराच्या आडूनही थोडीबहुत वळते. उलट २६ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटर भरते. अशा आंखूड लहरी आमच्या देशास नवीन नाहींत. जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्यास मिलिमीटरांत मोजावयाच्या लहरींनीं दुरून घंटा वाजवून दाखविली होती. या पट्ट्यांत मोकळी जागा पुष्कळ असल्यामुळें माहितीचा ओघ मोठा वाहतो. परंतु भिंती, झाडांचीं पानें व पाऊस यांनीं तो अडतो अगर क्षीण होतो.

यावर शास्त्रज्ञांनीं योजिलेला उपाय मोठा मार्मिक आहे. लहर आंखूड, म्हणून अँटेनाही इवलासा; तळहाताएवढ्या पाटीवर आठ ओळींत आठ-आठ असे ६४ अँटेना सहज मावतात. प्रत्येकास संकेत किंचित् मागेंपुढें दिला, कीं सर्वांच्या लहरी एका दिशेस एकमेकींस बळ देतात व इतर दिशांस परस्परांस मारतात. पाटी न हलवितां शलाका हव्या त्या बाजूस वळते. एकीचें असेंच बळ नारायणगांवाजवळ खोडद येथें दिसतें. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या एकवटून तेथें एका विशाल रेडिओ दुर्बिणीचें काम करितात.

तथापि ही शलाकाही वाटेंत आड आलेला डोंगर भेदूं शकत नाहीं. तिच्यासाठीं खांब जवळजवळ रोवावे लागतात. दाट वस्तीच्या शहरांस तो खर्च परवडतो. सह्याद्रीच्या कुशींतील विरळ वाड्यांस खांब कोण देणार? २०२० सालीं शाळा बंद पडल्या, तेव्हां डोंगराळ भागांतील कित्येक विद्यार्थ्यांस पाठ ऐकण्यासाठीं टेकडी चढावी लागली. त्यांस अधिक वेग नको होता. संकेताचा एक धागा हवा होता.

कोणी म्हणतील, शहरांत उत्पन्न झालें म्हणजे खेड्यांची सोय आपोआप होईल. हा युक्तिवाद पूर्वींही झाला होता, आणि तरीही तीं मुलें टेकडीवर चढत होतीं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०२३ सालीं सहाव्या पिढीची दिशा आंखतांना सर्वव्यापी संपर्क हेंही एक उद्दिष्ट मानिलें आहे. तें कागदावरच न राहो ! डोंगरी मुलखांत आधीं लांब लहरींचीं केंद्रें उभारावींत. शहरांतील वेगाची चढाओढ मागाहून चालूं द्यावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी पुढें अँटेना रचूं लागला, तर त्यानें प्रथम स्वतःस हेंच विचारावें, कीं माझी लहर शेवटच्या वाडीपर्यंत पोहोंचते काय ?