हॅमस्टरचे पान वाढताना

मुलांच्या हट्टाने हॅमस्टर घरी येतो, आणि त्याच्या वाटीत सूर्यफुलाच्या बिया पडू लागतात. गालांच्या पिशव्या भरून तो त्या पळवतो. आपल्याला वाटते, स्वारी पोटभर जेवली! पण या बियांत स्निग्धांश फार आणि कॅल्शियम अगदी थोडे. मिश्र दाणे द्यावेत, तर चिवड्यातले काजू वेचणाऱ्या आपल्या चिरंजीवांप्रमाणे तोही आवडीचे तेवढेच उचलतो. म्हणून हॅमस्टरसाठी तयार मिळणाऱ्या समतोल गोळ्या हेच त्याचे जेवण. बिया खाऊपुरत्या, दोन-चार.

एकसुरी आहार किती घातक ठरतो पाहा. फ्रान्समधल्या रानटी हॅमस्टरवरील संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. मुख्यतः मक्यावर ठेवलेल्या माद्यांनी आपलीच पिले खाल्ली होती! ब-३ जीवनसत्त्व मिळू लागताच त्या पिलांना नीट वाढवू लागल्या.

जातही पाहायला हवी. सीरियातला सोनेरी हॅमस्टर अंगाने थोर. त्याला सफरचंदाची इवलीशी फोड अधूनमधून चालते. कॅम्पबेल हा बुटका हॅमस्टर मात्र मधुमेहाला चटकन बळी पडतो. त्याला फळांऐवजी काकडीचा तुकडा द्यावा. दोघेही मिश्राहारी आहेत; उकडलेल्या अंड्याचा कण आठवड्यातून एखादे वेळी दोघांनाही मानवतो.

तेव्हा वाचकहो, माझे एवढे ऐकाच. या चार दिवसांत फराळाच्या ताटावर आणि पिंजऱ्यावर सारखीच नजर ठेवा. बालगोपाळांनी मायेने सरकवलेले शंकरपाळेही त्या एवढ्याशा जिवाला बाधू शकते.