एवढ्या पैशात काय सोनं येणार काय?

राजेहो, आज राजकारण नाही. आज गाडीतल्या टेपबद्दल बोलायचं आहे. (हो, आपल्याकडे अजूनही टेपच म्हणतात, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी.) हसू नका. शेवटपर्यंत वाचा, कारण प्रश्न नुसत्या टेपचा नाही.

मागच्या दिवाळीत आमच्या जुन्या, सेकंडहँड घेतलेल्या वॅगनआरमध्ये साडेसहा हजारांचा नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवला. बॉक्सवर छापलं होतं: ४ जीबी रॅम, ६४ जीबी मेमरी, ६० वॅट गुणिले ४. दुकानदार म्हणाला, "भाऊ, डोळे झाकून घेऊन जा." मी खरंच डोळे झाकले. दुकानाचं नाव सांगत नाही, विचारूही नका. एका दुकानाला शिव्या देऊन मोकळं व्हायचं असतं तर ही पोस्ट लिहिलीच नसती.

पहिले दोन आठवडे मजेत गेले, हे आधी कबूल करतो. महालातल्या आमच्या गल्लीत गाडी मागे घेताना कॅमेरा कामी आला. बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांना १००.६ वर विविध भारती लावून दिली की सिग्नलवर किती वेळ थांबलो याची तक्रार बंद. साडेसहा हजारांत घरात एवढी शांती येत असेल तर वाईट काय?

मग एका सकाळी गाडी चालूच होईना. बॅटरी पार झोपलेली. धक्का मारून काढली. चार दिवसांनी पुन्हा तेच. नवीन बॅटरीचे चार हजार गेले, आणि तीही आठवड्यात बसली. शेवटी मोहल्ल्यातल्या इलेक्ट्रिशियनने टेप बाहेर ओढला आणि मला बोलावून दाखवलं. "दादा, हे पाहा काय करून ठेवलं."

गाडीचा मूळ कपलर कापून फेकलेला. वायरी हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. आणि लाल व पिवळी वायर एकत्र जोडलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पिवळी वायर थेट बॅटरीची असते, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतात. लाल वायर चावीची असते, चावी काढली की टेपने झोपायचं. दोन्ही एकत्र केल्या की टेपला चावी काढल्याचं कळतच नाही. आपण पडदा काळा करून घरी येतो आणि आतला बोर्ड रात्रभर बॅटरी पीत बसतो. दोन-तीनशे रुपयांचा तयार कपलर लावला असता तर हे झालंच नसतं. ते दोन-तीनशे वाचवले त्यांनी, चार हजार भरले मी.

मग उन्हाळा आला. नागपूरचा उन्हाळा काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. बंद गाडीचा डॅशबोर्ड तर त्याच्याही कितीतरी वर जातो. दुपारी बारानंतर पडदा बोट ओळखेना. फोन आला तरी उचलता येईना, आवाज वाढला तर कमी करता येईना, कारण फिरवायचं बटणच नाही, सगळं पडद्यावर.

तेव्हा डोळे उघडले. फोनमध्ये असतं तसं आतलं हार्डवेअर दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकून पाहिलं. रॅम ४ नाही, २ जीबी. सेटिंगमध्ये जी अँड्रॉइड आवृत्ती लिहिली होती तीही खोटी, आत कितीतरी जुनी. आणि ते ६० वॅट? टेपच्या मागे फ्यूज पाहिला, १० अँपिअरचा. गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या आसपास. १० गुणिले १४ म्हणजे १४० वॅट. बॉक्सवर ६० चोक २४०. वीज आत येते १४०, आवाज बाहेर निघतो २४०? महावितरणवाल्यांनी हे तंत्र शिकून घ्यायला पाहिजे राव!

बॉक्स आणि बॅटरीची पावती घेऊन दुकानात गेलो. त्यांचं उत्तर एका ओळीचं: "भाऊ, एवढ्या पैशात काय सोनं येणार काय?"

खरं सांगू, त्याचं दुःख नाही झालं. दुःख झालं जेव्हा हाच किस्सा मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि चार जणांनी हेच वाक्य लिहून पाठवलं. म्हणून ही पोस्ट. माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

स्वस्त वस्तू कमी असू शकते. तिला खोटं असण्याची मुभा नाही. आपला पोहेवाला स्वस्तात तर्री पोहे देतो. तो काजू टाकत नाही, आणि टाकतो असं म्हणतही नाही. त्याच्या गाडीवर 'काजू पोहे' लिहून शेंगदाणे निघाले असते तर तुम्ही म्हणाला असता काय, जाऊ दे बाप्पा, एवढ्या पैशात काय काजू येणार? तिथेच हुज्जत घातली असती. २ जीबीचा माल २ जीबी म्हणून विका ना! मी तोच घेतला असता, माझी ऐपत तेवढीच होती.

आणि हा माल घेतं कोण? शोरूममधून पंधरा लाखांची गाडी काढणाऱ्याला पडदा कंपनीच लावून देते, वॉरंटीसकट. बाहेरचा टेप घेतो जुनी गाडी घेणारा, टॅक्सीवाला, पोरांनी हट्ट केला म्हणून बोनसमधून पैसे काढणारा. म्हणजे या वाक्याचा सरळ अर्थ असा की ज्याच्या खिशात कमी, त्याला खरं सांगायची गरज नाही. तुम्हाला हे चालतं? मला नाही चालत.

कोणी म्हणेल, तुझी गाडी, तुझे पैसे, आम्हाला काय त्याचं. आहे तुमचंही. या टेपला एक हँडब्रेकची वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसावा, यासाठी ती दिलेली असते. फिटिंगवाले ती सरळ गाडीच्या पत्र्याला जोडून टाकतात, टेपला वाटतं गाडी उभीच आहे. वर अभिमानाने सांगतात, "चालत्या गाडीत पण पिक्चर दिसते!" हातात मोबाईल धरून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं. आणि डॅशबोर्डवर नऊ इंची पिक्चर लावून वर्धा रोडच्या डबलडेकर पुलावरून जाणारा? पुढच्या दुचाकीवर तुमचाच पोट्टा असू शकतो. पिळून टेप गुंडाळलेल्या वायरींचंही तेच. उन्हात टेपचा डिंक सुटला आणि दोन उघड्या तारा भिडल्या, तर जळणाऱ्या गाडीच्या बाजूला कोणाची गाडी उभी आहे हे आग विचारत नाही.

दुकानदारांची बाजू मला माहीत आहे. ऑनलाइनवाल्यांनी भाव पाडले, एका टेपमागे उरतं थोडं, बॉक्स वरूनच तसा छापून येतो. पटतं, पण अर्धंच. बॉक्स वरून येतो, कपलर तर तुमच्याच हातांनी कापला ना?

आणि आपणही काही कमी नाही. "बिल नको, जीएसटीचे पैसे कमी करा" हे त्या दुकानात मीच म्हणालो होतो. तिथेच अर्धी लढाई हरलो. भांडायला गेलो तेव्हा हातात बॅटरीची पावती होती, टेपची नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी काय करायचं ते लिहून ठेवा.

बिल घ्या, आणि त्यावर मॉडेल व रॅम लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा. "विकलेला माल परत नाही" ही पाटी म्हणजे कायदा नव्हे.

बॉक्स पाहा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असलाच पाहिजे. नसेल तर तिथूनच परत फिरा.

फिटिंग समोर उभं राहून करून घ्या. कपलर लावा, वायर कापू देऊ नका, हँडब्रेकची वायर जागेवर जोडायला लावा. पैसे देण्याआधी दुकानातच ते ॲप टाकून रॅम पाहा. पाच मिनिटं लागतात.

एवढं करूनही फसलात तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा. त्याने नाही झालं तर सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही.

माझा टेप अजून गाडीतच आहे. दीडशे रुपये मजुरी आणि एक कपलर, इलेक्ट्रिशियनने सगळं नीट जोडून दिलं. सकाळी चालतो, दुपारी रुसतो, बाबा संध्याकाळी विविध भारती ऐकतात. २ जीबीचा टेप म्हणून माझी त्याच्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार त्याच्या बॉक्सबद्दल आहे, आणि त्या वाक्याबद्दल.

सोनं कोणीच मागत नाही आहे भाऊ. पितळ आहे तर पितळ म्हणा, एवढंच.

तुमच्यासोबत असं झालं असेल तर खाली लिहा. दुकानाचं नाव नको, काय झालं ते लिहा. आणि घरात कोणी या महिन्यात टेप बसवणार असेल, तर त्याला ही पोस्ट आधी पाठवा.