देवदार पाठ, सात्या फक्त ताटात?

सूचिपर्णी वृक्षांची तीन उदाहरणं द्या म्हटलं की आपण झोपेतही सांगतो : देवदार, पाइन, स्प्रूस. आता सडक अर्जुनीच्या पोरांना जंगलातल्या तीन बुरशींची नावं विचारा. बहुतेकांची गाडी सात्यावर येऊन थांबेल. तीही भाजी म्हणून!

देवदाराशी आपलं वैर नाही. पश्चिम हिमालयात साधारण १५०० ते ३००० मीटरवर तो वाढतो, ४०-५० मीटर उंच होतो. त्याच्या लाकडात तेल असतं, म्हणून ते सहजासहजी कुजत नाही. काश्मीरच्या हाउसबोटी त्याच्याच लाकडाच्या. आपल्या सागवानाचा पहाडी भाऊच म्हणा ना.

पण न कुजणं हा गुण असेल, तर कुजवणं हाही गुणच की! लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पचवणं भल्याभल्यांना जमत नाही. ते काम मुख्यतः बुरशी करते. २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या नवेगाव-नागझिऱ्यात वाघाचे फोटो सगळे काढतात. पडलेल्या खोडाची माती करणारीकडे कोण बघतं? सात्याची तर कमालच. वाळवी वारुळात चावलेल्या पाल्या-लाकडावर ही बुरशी चक्क पिकवते आणि पावसाळ्यात तिच्या छत्र्या जमिनीवर येतात. माणसाला मात्र तिची व्यावसायिक शेती अजून जमलेली नाही.

आणि तो उंच देवदार? तोही मुळांवरच्या बुरशीच्या सोबतीनंच जगतो. ती त्याला पाणी आणि क्षार पुरवते, तो तिला साखर देतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : देवदार पुस्तकात राहू द्या, पण सात्यालाही एक पान द्या. कोणती अळिंबी खायची, कोणती विषारी, हे ज्ञान आज गावातल्या आज्यांच्या डोक्यात आहे, वहीत नाही. इथल्या कॉलेजांनी पावसाळ्यात नोंदवही सुरू करावी : मराठी नाव, गोंडी नाव, कुठे उगवते, कधी उगवते. मोबाइलवर फोटो जुळवून खायचा प्रयोग मात्र अजिबात नको. वारूळ फोडू नका, कुजणाऱ्या ओंडक्याला कचरा समजून पेटवू नका.

देवदाराची माहिती गुगलवर उद्याही मिळेल. आजीकडची माहिती आजच विचारावी लागेल.