काम पुण्यात, जोखीम धाराशिवात

धाराशिव जिल्ह्यातल्या मजुरीचा इतिहास कराराच्या मुदतीवरून वाचता येतो. सालगडी गुढीपाडव्याला ठरायचा आणि वर्षभर एका शेतात राबायचा. पुढे कळंब, वाशी, भूम या बालाघाटाच्या पट्ट्यातली जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन पाच-सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला जाऊ लागली. आता त्याच घरांतला विशी-पंचविशीतला मुलगा पुण्यात मोबाइलवर ऑर्डर स्वीकारतो आणि त्याचा करार अर्ध्या तासात संपतो. प्रत्येक टप्प्यावर मालकाची पकड सैल होत गेली, हे चांगलेच झाले. सालगड्याच्या बोलीला जातीची उतरंड चिकटलेली होती आणि उचलीला कर्ज. पण पकडीबरोबर मालकाची जबाबदारीही सुटत गेली आणि तिचा भार गावातल्या घरावर येऊन पडला. गिग कामाची चर्चा आपण शहरातल्या चौकांत उभ्या असलेल्या मुलांपुरती करतो. ही मुले पाठवणाऱ्या जिल्ह्याच्या बाजूने ती फारशी होत नाही, आणि माझ्या मते खरा हिशेब तिथेच लागतो.

2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले 83 टक्के लोक खेड्यांत राहत होते. 2018 मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोली यांच्यासोबत या जिल्ह्याचे नाव आले. जिल्ह्याचे ठिकाण लाखभर वस्तीचे. एवढ्या गावात अ‍ॅपवरच्या ऑर्डरी दिवसभर पुरत नाहीत, आणि कामाचा मोबदला नगावर असेल तर मधला रिकामा वेळ कामगाराच्याच खिशातून जातो. म्हणून हे काम धाराशिवात रोजगार निर्माण करत नाही, धाराशिवातून माणसे उचलते. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने देशातले गिग कामगार 2020-21 मध्ये 77 लाख असल्याचे आणि 2029-30 पर्यंत ते 2 कोटी 35 लाख होतील असे म्हटले होते. या वाढीला लागणारे हात मोठ्या शहरांत जन्मलेले नाहीत.

ऊसतोडीशी तुलना केली की यातला फरक नीट कळतो. कोयत्याचे काम अमानुष कष्टाचे आहे, त्याची भलामण कोणी करू नये. तरीही टनामागे काय मिळणार हे तोडणी कामगाराला माहीत असते. तो दर संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटीतून ठरतो. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने त्यात 34 टक्के वाढ झाली. ती पुरेशी होती का, यावर वाद होऊ शकतो. पण भांडायला समोर कोणीतरी होते. अ‍ॅपवरचा दर कंपनी स्वतः ठरवते आणि हवा तेव्हा बदलते. प्रोत्साहन रकमेची अट कोणत्या आठवड्यात वाढली, आयडी का बंद पडला, हे विचारायला कामगारासमोर मुकादमही नसतो. उचल तेवढी वेगळ्या रूपात उरलेली आहे: दुचाकीचा हप्ता. कोयता स्वस्त होता. इथे गाडी, पेट्रोल, फोन आणि खोलीचे भाडे एवढे भांडवल कामगाराने घालायचे आणि कमाई किती होईल ते मात्र पडद्यावर पाहायचे.

याचा गावच्या मजुरीवर होणारा परिणाम मोसमाच्या गणिताने पाहावा लागेल. सोयाबीनची काढणी दसरा-दिवाळीच्या तोंडावर येते आणि शहरात ऑर्डरींचा जोरही नेमका तेव्हाच असतो. मुलगा सणाचा जादा पैसा सोडून येत नाही, म्हणून बाप सोयाबीन गुत्त्याने काढून घेतो. ज्वारीची काढणी अजून मोठ्या प्रमाणात हातानेच होते. माणसे मिळत नसतील तर शेतकरी ज्वारी सोडतो आणि तिच्याबरोबर जनावरांचा कडबाही जातो. मागे राहिलेल्यांची मजुरी यामुळे वाढते, असे काही अर्थतज्ज्ञ म्हणतील. काढणीच्या त्या काही आठवड्यांत ती वाढतेही. पण ती देणारा कोणी बडा बागायतदार नसतो. बहुतेकदा तो त्याच मुलाचा दोन-चार एकरांचा बाप असतो. मुलगा शहरात कमावतो त्यातला काही भाग अशा रीतीने त्याच्या जागी उभ्या केलेल्या मजुराकडे जातो आणि वर्षाचे उरलेले महिने गावात काम नसतेच.

बाईचे काय होते, हा प्रश्न तर विचारलाच जात नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा दुचाकीवर पुण्याला गेला की ती जोडी मोडते आणि एकट्या बाईला मुकादम सहसा उचल देत नाही. एक मोठा लाभ इथे मान्य केलाच पाहिजे. आई घरी राहिली तर मुलांची शाळा हंगामात तुटत नाही, फडाजवळच्या कोपीत त्यांचे हाल होत नाहीत. मात्र या लाभाची किंमत ती बाई देते: शेत, म्हातारी माणसे आणि जनावरे तिच्या एकटीवर, हातात स्वतःची कमाई शेजारच्या शेतातल्या रोजाएवढीच. नवऱ्याचा शहरात पाय मोडला तर त्याला सांभाळायचे तिनेच. अ‍ॅप कंपनीच्या ताळेबंदात या विम्याचा हप्ता कुठेही दिसत नाही, कारण तो वाशी किंवा भूममधले एखादे घर भरत असते.

मुले स्वेच्छेने जातात, त्यांच्या निवडीत आपण का पडावे, हा आक्षेप गंभीर आहे. निवड खरी आहे. कोयत्यापेक्षा हँडल बरे हा हिशेब चुकीचा नाही. म्हणूनच या कामावर बंदी किंवा कामाच्या तासांचे जाचक बंधन मी मागत नाही. दुसरा आक्षेप कंपन्यांचा: कल्याण निधीसाठी पैसे कापले तर काम महागेल आणि कमी होईल. याचे उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने आज या तर उद्या त्या मालकाकडे ओझी वाहणाऱ्या हमालाला मंडळात नोंदवले, मजुरी आणि लेव्ही मंडळामार्फत द्यायला लावली; बाजारपेठा त्यामुळे बंद पडल्या नाहीत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांवर टनामागे 10 रुपयांची आकारणी आहे आणि तेवढीच रक्कम राज्याने घालायची आहे. राज्यात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो, म्हणजे एकट्या कारखान्यांचाच वाटा शंभर कोटींच्या घरात जातो. ग्राहकाला साखरेच्या भावात तो जाणवत नाही. जिल्ह्यातच उद्योग आणा, मग कोणी जाणार नाही, असे तिसरे मत आहे. कौडगावची औद्योगिक वसाहत आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग मलाही हवेत, पण ते होईपर्यंत दुचाकीवरच्या मुलाला वाऱ्यावर सोडण्याचे ते कारण असू शकत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधी द्यावा असे म्हटले आहे. पण डिसेंबर 2025 च्या मसुदा नियमांत लाभासाठी आर्थिक वर्षात एका कंपनीसोबत 90 दिवसांची, एकाहून अधिक कंपन्या असतील तर 120 दिवसांची अट आली. शहरात कायम राहणाऱ्याला ती सोपी वाटेल. रब्बी आटोपून प्रथमच शहरात गेलेला आणि पेरणीला परतणारा मुलगा फेब्रुवारी ते मे असा चार महिने राबला, तरी 31 मार्चला त्याचे दिवस दोन तुकड्यांत मोडतात आणि कोणत्याच तुकड्यात 90 भरत नाहीत. मोजणी आर्थिक वर्षाऐवजी लगतच्या बारा महिन्यांची असावी. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये प्रत्येक व्यवहारामागे शुल्क घेणारा कायदा केला. माथाडी कायद्याचा अभिमान सांगणाऱ्या महाराष्ट्राने खरे तर या रांगेत पहिले असायला हवे होते.

महाराष्ट्राचा कायदा करताना एक गोष्ट इतरांपेक्षा वेगळी करावी. कामगाराची नोंद पुण्यातल्या कार्यालयापुरती न ठेवता ऊसतोड कामगारांप्रमाणे ग्रामसेवकाकडेही व्हावी, म्हणजे गावच्या पत्त्यावर राहणाऱ्या बायको-मुलांना आरोग्य आणि अपघात विम्याचा लाभ तिथेच घेता येईल. जमा होणाऱ्या निधीचा ठरावीक वाटा कामगारांच्या मूळ जिल्ह्यात, नोंदींच्या प्रमाणात खर्च झाला पाहिजे. उमरग्याची मुले सोलापूर-हैदराबाद महामार्गावरून तेलंगणातही जातात, म्हणून शेजारच्या राज्यांशी नोंदींच्या देवाणघेवाणीचा करारही लागेल. धाराशिवच्या आमदार-खासदारांनी पुण्यातल्या दुचाकीस्वाराचा प्रश्न आपल्या मतदारसंघाचा प्रश्न मानून विधिमंडळात आणि संसदेत मांडावा. त्याचे मत अजून गावच्याच यादीत आहे.