त्रिंबकजीची मागणी

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले होते. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर गेला आणि रेसिडेंट एल्फिन्स्टनने त्यांना ताब्यात मागितले. पेशवे दुसरे बाजीराव यांनी आधी टाळाटाळ केली, मग दबावापुढे नमून त्यांना हवाली केले. सप्टेंबर 1816 मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटले आणि खानदेशाच्या डोंगरांत भिल्लांना हाताशी धरून माणसे जमवू लागले.

मे 1817 मध्ये दुसरी मागणी आली: महिन्याभरात माणूस द्या, तोवर सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण ठेवा. जूनमध्ये पुण्याचा तह पेशव्यांच्या गळी उतरवला गेला. वर्षभराने अशीरगडाजवळ धूळकोटला बाजीराव इंग्रज सेनाधिकारी माल्कमला शरण गेले, तेव्हाच्या अटींतही त्रिंबकजींचे नाव होते. त्याच वर्षी खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला. त्रिंबकजी पकडले गेले आणि चुनारच्या कैदेतच वारले. त्यांच्यावर रीतसर खटला कधी चाललाच नाही.

खुनाच्या आरोपीची मागणी करणे गैर नव्हते. पण पुरावा तपासणारा तटस्थ न्यायाधीश दोन्ही दरबारांच्या मध्ये नव्हता. मागणारा आणि निवाडा देणारा एकच होता, म्हणून गुन्ह्याची चौकशी मागे पडली आणि राज्य गेले.

आजची प्रत्यार्पणाची पद्धत हीच उणीव भरून काढते. आपल्या 1962 च्या कायद्यात परदेशाने मागितलेल्या आरोपीची आधी दंडाधिकाऱ्यापुढे चौकशी होते. आपण मागतो तेव्हा तिकडची न्यायालयेही आपले कागद तसेच पारखतात. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेमला पोर्तुगालने 2005 मध्ये सोपवले ते फाशी न देण्याच्या आणि 25 वर्षांहून अधिक तुरुंगात न ठेवण्याच्या हमीवर. ती पाळण्यास सरकार बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले. अनेकांना ते रुचले नाही, तरी ते योग्यच होते. आज दिलेला शब्द मोडला, तर उद्याच्या आपल्या मागणीवर कोण विश्वास ठेवील?

मागणी माणसाचीच नव्हे, पुराव्याचीही असते. आज त्याच खानदेशातल्या, जळगाव-धुळ्याच्या एखाद्या ठेवीदाराचा पैसा परदेशी खात्यात वळवला गेला, तर पुराव्यासाठी तिकडे जाणारे विनंतीपत्र इथल्या न्यायालयातून निघते, आणि त्याचा पाया पोलीस ठाण्यातल्या पंचनाम्यात व जबाबांत असतो. तो पाया कच्चा राहू नये, एवढी दक्षता आपल्या तपास यंत्रणेने घ्यायलाच हवी.