टोकन देण्याआधी

घर घेताना माणूस आयुष्यभराची कमाई ओततो, पण करारनामा लिहितो बिल्डरचा वकील. असे एकतर्फी करार ग्राहकावर लादता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पायोनियर अर्बन खटल्यात स्पष्ट केले. 2021 च्या न्यूटेक निकालाने आणखी बळ दिले: ताबा मुदतीत मिळाला नाही, तर स्थावर मालमत्ता क्षेत्राच्या रेरा कायद्यानुसार व्याजासह पैसे परत मागणे हा ग्राहकाचा बिनशर्त हक्क आहे.

हक्क मिळाला, पैसे मात्र अडकून पडतात. महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाने आदेश दिला तरी वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते, तिथून तहसीलदारांकडे. तोवर घरभाडेही भरायचे आणि कर्जाचा हप्ताही. या दिरंगाईचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे.

तंत्रज्ञानाने निदान आधीची चौकशी सोपी केली आहे. ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात गृहप्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो मोबाइलवर स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणी, मंजुऱ्या आणि पूर्णत्वाची तारीख समोर येते. वाचकहो, सॅम्पल फ्लॅट पाहून भुलू नका. टोकनचा चेक फाडण्याआधी ही माहिती नीट वाचा आणि करारनामा स्वतःच्या वकिलाला दाखवा.